पापण्यांवरचा भुसा

बाबांच्या पापण्यांवर रोज वेगळा रंग असायचा. दिवेलागणीला ते अंगणात येऊन उभे राहिले, की मी आधी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचे. पापण्या पिवळ्या असल्या तर आज हळदू कापला, विटकरी असल्या तर खैर, आणि वाळल्या गवतावर ऊन पडावं तसा तो मऊ सोनेरी रंग असला, तर सागवान... सागवानाच्या दिवशी माय लांबूनच म्हणायची, "आज अत्तर लावून आले वाटते!" बाबा हसायचे, आणि हसताना पापण्यांवरचा भुसा गालांवर सांडायचा. त्या चिमूटभर भुशात किती झाडं होती, किती रानं होती, कुठल्या कुठल्या डोंगरांवरचे पावसाळे होते, हे आता मनात येतं. तेव्हा एवढंच वाटायचं, की आपल्या बाबांच्या डोळ्यांवर जशी रोज रंगपंचमी असते, तशी दुसऱ्या कुणाच्याच बाबांच्या नसते.

तेलुगू मुलखातल्या आमच्या वांकिडीच्या बाहेर, आसिफाबादेच्या रस्त्याला लागून मल्लय्या शेठची आरा मशीन होती, आणि बाबा तिथले मिस्त्री. आरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दोन माणसांनी ओढायची लांब करवत येईल. ही तशी नव्हे, सांगते. माणसाच्या उंचीची दोन लोखंडी चाकं, एक वर आणि एक खाली, खड्ड्यात अर्धं बुडालेलं. आणि त्या दोघांवरून फिरणारं पोलादाचं पातं... एका काठाला दात असलेली लांबच लांब फीतच म्हणा ना, जिची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकलेली, म्हणजे जिला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. शेडच्या मागं ऑईल इंजिन. ते आधी म्हाताऱ्यासारखं खोकायचं, मग त्याचा पट्टा फडफडायचा, मग चाकं आळस देत देत वळायची. पात्याचे दात सुरुवातीला एकेक दिसायचे, मग पुसट व्हायचे, मग नाहीसेच व्हायचे, आणि हवेत नुसती एक उभी, चकचकीत, थरथरती रेघ उरायची. बाबा म्हणायचे, "दात दिसून राह्यले तोवर भेव नाई, कुसुम. दिसेनासे झाले का मंग दूर राय."

रुळांवर एक गाडा असायचा, त्यावर ओंडका बांधायचा, दोन गडी तो गाडा ढकलायचे आणि बाबा पात्याजवळ उभे राहून हातानं सांगायचे — हळू... येऊ दे... थांब. त्या गोंगाटात तोंडानं बोलायची सोयच नव्हती. तिथं सगळेच हातांनी बोलत. मला तर लहानपणी वाटायचं, की मोठ्या माणसांना दोन भाषा येतात, एक घरची आणि एक मशीनवरची.

आणि काय काय यायचं तिथं कापायला! बेज्जूरच्या रानातलं सागवान यायचं, बैलगाडीच्या चाकांसाठी बाभूळ यायची, कण्यासाठी धावडा यायचा. प्रत्येकाचा आवाज निराळा. सागवानात शिरलं की पातं गुणगुणायचं, ताक घुसळताना बाई आपल्याशीच गुणगुणते ना, अगदी तसं. बाभूळ कुरकुरायची. धावडा किंचाळायचा, आणि त्याच्या किंचाळण्यानं रस्त्यापलीकडच्या चिंचेवरचे पोपट भर्रकन उडायचे. आंबा कापताना आवाजही ओलसर यायचा. कडुनिंबाचा भुसा मात्र घशात उतरायचा आणि मग दिवसभर चहा कडू, भाकर कडू, नुसती थुंकीसुद्धा कडू... बाजूला एक लहान टेबलाची मशीन होती, तिच्यावर किरकोळ कामं व्हायची. फण्या करणारा एक म्हातारा म्हशीची शिंगं घेऊन यायचा. शिंग पात्याला लागलं की केस जळाल्यासारखा वास सुटायचा आणि मी परकराचा घोळ नाकाला लावायचे. चपला शिवणारा एकजण कोळशाच्या खाणीतला जुना जाड रबरी पट्टा आणायचा. रबर कापताना पातं रुसल्यासारखं, दबक्या घशानं बोलायचं. अक्षरं मी नंतर शिकले, तीही आधी तेलुगू, कारण शाळा तेलुगूच होती. पण हे आवाज त्याच्याही आधी शिकले. त्यामुळे असेल, पण आजही लाकडाच्या खुर्चीवर बसले की मी ती बोटानं वाजवून पाहते. सुना हसतात.

एकदा तर बाबांनी बर्फ कापला. लग्नसराईत मंचेरियलहून सकाळच्या गाडीनं बर्फाच्या लाद्या यायच्या, गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेल्या, आणि तो भुसा न्यायला सरबतवाला आमच्याकडेच यायचा. त्याची तक्रार अशी, की लादी फोडली तर निम्मा चुरा होतो. म्हणाला, मिस्त्री, सरळ कापून द्या. बाबांनी पातं पाण्यानं धुतलं, चाकं फिरवली आणि लादी हळूच पुढे सरकवली... बर्फाला आवाज नव्हता. म्हणजे असेल, पण मला तो आठवत नाही. ती पांढरी धूसर लादी दुभंगत गेली, तिच्यातून गार धूर निघाला, आणि वैशाखाच्या भर दुपारी माझ्या दंडांवर थंडगार पांढरा भुसा येऊन पडला आणि पाहता पाहता विरून गेला. त्या दिवशी संध्याकाळी बाबांच्या पापण्या कोऱ्या होत्या. "आज काय कापलं, पाणी?" मायनं मागून विचारलं. बाबा हात धूत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. बाबा हात धूतच राहिले.

माय तिथंच थांबली. मग तिनं काय केलं, तर चुलीजवळची पितळी परात उचलली आणि बाबांच्या पाठीमागं फरशीवर सोडून दिली. शेजारच्या अंगणातलं वासरू दचकून उठलं, मी दचकले... बाबांनी शांतपणे टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं.

आमच्याकडे म्हणत, की आरावाल्याची ओळख हातावरून करावी. कुणाच्या करंगळीचं टोक नसतं, कुणाची दोन बोटं गेलेली असतात, राजुऱ्याकडच्या एका मिस्त्रीला तर नमस्कार करताना एकच तळवा होता. बाबांचे हात मात्र पूर्ण होते. दहाच्या दहा बोटं, लांबसडक, नखांत भुसा भरलेला. त्याचं कारण त्यांचे कान होते. पातं थकतं ना, तेव्हा ते आधी सांगतं. दात बोथट झाले की त्याचा स्वर खाली बसतो. तापलं की भरकटत गातं. आणि कुठं बारीकशी चीर पडली, तर प्रत्येक फेऱ्यात ती चीर लाकडावरून जाताना 'टिक' असं वाजतं. टिक... टिक... टिक. तो आवाज आला, की इंजिनाचा पट्टा काढायचा आणि सगळ्यांनी मागं सरायचं, कारण त्यानंतर ते पातं तुटतं, आणि तुटलेलं पातं सापासारखं उसळतं. उसळताना समोर कोण आहे ते पाहत नाही. पात्याच्या सगळ्यांत जवळ बाबा उभे असत. इतक्या वर्षांच्या गोंगाटानं त्यांचे कान झिजवत आणले होते. ज्या कानांनी हात राखले, ते कानच त्या मशीननं खाल्ले, आणि कुणाला पत्ता नाही. कारण मशीनवर बहिरेपण किती छान लपतं!

दुसऱ्या दिवशी शिदोरीचं फडकं माझ्या हातात देताना माय म्हणाली, "भाकर देऊन वापस येऊ नोको. तिथंच बस, बाबाच्या समोर. तुया कानानं आयक. कायबी निराळं वाजलं का हात वर कर. बाबा पाहीन तुयाकडे."

"अन शेठनं इचारलं तर?"

"म्हनजो, घरी माय मारते." मग हसू आवरून म्हणाली, "शेठले समजलं का बाबाले मशीनवरून उतरवते, बाई. मशीन सोडून तुया बापाले काय येते? अन नाई समजलं..." माझी बोटं शिदोरीच्या गाठीवर होती, ती तिकडे पाहत राहिली.

असा तो उन्हाळा मी भुशाच्या ढिगावर काढला. काय सांगू त्या ढिगाचं सुख! वरून ऊबदार, आत हात खुपसला तर गार. सकाळचा सागवानी थर, त्याखाली कालचा बाभळीचा, त्याखाली परवाचा कुठला तरी... जणू एकावर एक रचलेल्या दिवसांवर बसले आहे. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली यायच्या आणि त्यांत भुसा तरंगत राहायचा, वर जायचा की खाली यायचा ते कळायचं नाही. पात्याच्या गुणगुणण्यानं डोळे जड व्हायचे. मी झोपायचे, खरंच झोपायचे, उघड्या डोळ्यांनी. पण कान जागा असायचा. आणि समोर, त्या सोनेरी धुक्यात, बाबांचा चेहरा. ते आधी ओंडक्याकडे पाहत, मग माझ्याकडे, मग पुन्हा ओंडक्याकडे. आम्ही या गोष्टीबद्दल एकदाही बोललो नाही. मायनं त्यांना सांगितलं होतं की त्यांनीच ओळखलं, मला माहीत नाही.

एका सकाळी शिसवाच्या ओंडक्यात तो आवाज आला. आधी वाटलं, पत्रा तापून वाजतोय. मग पुन्हा. टिक... टिक... मी हात वर केला; तळवा उघडा, बोटं जुळलेली. बाबांनी तत्क्षणी पट्टा उतरवला. चाकं थांबल्यावर त्यांनी पातं बोटांनी चाचपत आणलं, आणि एका दाताच्या बुडाशी केसाएवढी चीर सापडली. गाडा ढकलणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "मिस्त्री, तुमचे कान म्हनजे कान हायेत!" बाबा त्याच्या ओठांकडे पाहून हसले. मग त्यांनी तिथं पातं कापलं, टोकं कानशीनं तिरपी घासली, निखाऱ्यांवर सवागीचा खार आणि पितळ वितळवून पुन्हा जोडलं. आणि ती सोन्यासारखी पिवळी रेघ मला दाखवून भुवया उडवल्या. ते माझं बक्षीस.

आता त्या दिवसाकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

आमच्याकडच्या गावांत तेव्हा एक रीत होती. लेकरू सारखं आजारी पडत असलं, अंगी लागत नसलं, तर त्याला एखाद्या वाढत्या झाडाला पाठ लावून उभं करायचं, त्याच्या जावळातले चार केस खिळ्याला गुंडाळायचे आणि बरोबर डोक्याच्या वर तो खिळा झाडात ठोकायचा. झाड खिळा गिळतं, लेकरू वाढत वाढत खिळ्याच्या वर जातं, आणि दुखणं तिथंच खाली राहतं. एकच अट. ज्या आईनं खिळा ठोकवला, तिनं तो जन्मात बोलून दाखवायचा नाही. बोललं, की सुटला. लेकरालाही सांगायचं नाही. मग वर्षं जातात, झाड पडतं, कुणीतरी ते मशीनवर आणतं... आणि आत लोखंड! म्हणून बाबा गिऱ्हाईकाला आधी विचारत, "खिळा-बिळा हाये काय?" गिऱ्हाईक शपथेवर नाही म्हणे, खरंच त्याला ठाऊक नसे, आणि जिला ठाऊक असे ती घरी बसून देवाचा धावा करत असे. आमच्या भागात जितकी पाती तुटली, तितकी आयांच्या मौनानं तुटली.

त्या दिवशी कडुनिंबाचा बुंधा घेऊन एक गाडी आली. आदल्या वर्षीच्या वावधनात, त्या वादळात, शेतातला निंब उन्मळून पडला होता, वर्षभर वाळला होता, आणि त्याची चौकट करायची होती. गाडीवाला तरणाबांड, लग्न ठरलेला, नव्या घराचं बोलताना नुसता फुललेला. त्याची आई गाडीत बसली नव्हती; बुंध्यावर हात ठेवून गाडीच्या बाजूनं चालत आली होती. बारीक, काळीसावळी, कपाळावर गोंदण.

बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "खिळा-बिळा हाये काय, भाऊ?"

"कायचा खिळा जी! मायाच वावरातला निंब हाये. त्याच्याखाली रांगून लहानाचा मोठा झालो मी."

आई काही बोलली नाही. पण तिचा हात... मी ढिगावरून पाहत होते. तो बुंध्यावर एकाच ठिकाणी होता, जाड बुडाकडच्या बाजूला. गड्यांनी बुंधा उचलला तेव्हा मुलगा ओरडला, "माय, हात काढ न, चेंगरन!" तिनं काढला. गाड्यावर ठेवला, तर पुन्हा तिथंच ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. शेवटी बांधाबांध झाल्यावर ती बाजूला झाली, आणि आपलंच मनगट दुसऱ्या हातानं धरून उभी राहिली.

इंजिन खोकलं. दात पुसट झाले, नाहीसे झाले. गाडा सरकू लागला, बारक्या टोकाकडून. निंबाचा कडू भुसा उडाला, पातं संथ, भरल्या गळ्यानं चाललं. काहीही निराळं वाजत नव्हतं. मला मायनं सांगितलं होतं ते आवाजाचं. हात कुठं ठेवला होता त्याचं काही सांगितलं नव्हतं. मी त्या बाईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. पातं त्या जागेपासून हातभर लांब राहिलं, मग वीतभर... आणि माझा हात वर गेला.

बाबांनी एक क्षणही विचार केला नाही. पट्टा उतरला. पातं मंदावलं, दात एकेक करून परत दिसू लागले, आणि मग सगळं थांबलं.

"आता काऊन बंद केलं जी?" मुलगा वैतागला. "हे पोरगी सांगन का, लाकूड कसं कापाचं?"

बाबांनी भुवयांनी मला विचारलं. मी उतरले, आणि त्या बाईचा तळवा जिथं होता तिथं माझा तळवा ठेवला. बाबांनी वाकस घेतला आणि तिथली साल, त्याखालचं लाकूड, हलक्या हातानं तासलं. पांढुरक्या निंबात एक निळी-काळी रेघ दिसली, शाईचा थेंब ओल्या कागदावर पसरावा तशी. लाकडाच्या पोटात लोखंड असलं की अशीच रेघ उमटते. बाबांनी वाकस खाली ठेवला. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं, आणि तिनं त्यांच्याकडे.

आणि तेवढ्यात मागून शेठची हाक आली. "ओ मिस्त्री! कायकू बंद करे?"

मशीन बंद होती हो! तेच तर. गोंगाटात झाकलेलं सगळं त्या शांततेत उघडं पडलं होतं. पत्रा तापून कडकडत होता, तेवढाच काय तो आवाज, आणि बाबा शेठकडे पाठ करून उभे.

"मिस्त्री! ओ मिस्त्री!"

गाडा ढकलणारे दोघं एकमेकांकडे पाहू लागले. बाबांना हात लावून वळवावं, तर सगळ्यांना कळणार. न वळवावं, तरी कळणार. शेठ पोट सावरत जवळ येत होता. "सुनते नै क्या? मैं इत्ता चिल्लारा..."

"बोलवू नोका त्याले!"

ती बाई मध्ये आली होती. बारीक अंगाची, पण शेठच्या वाटेत अशी उभी राहिली, की तो थबकला.

"असं लाकूड हाती आलं का मिस्त्रीनं मांगं पाहाचं नाई, कोनाचं आयकाचं नाई. आमच्या तिकडं रिवाज हाये. मधात कोनी हाक मारून मोडला, तर ते हाक मारनाऱ्याच्या घरी जाते."

"क्या... क्या जाते?"

"ते बी बोलाचं नाई."

शेठचे हात आपोआप जोडले गेले. "अय्यो... रहने दो अम्मा, रहने दो. आराम से करो." आणि तो चार पावलं मागं मागं गेला, चपलेसकट भुशात रुतत.

"कसं लाकूड, माय? काय हाये त्याच्यात?" मुलगा विचारत होता.

"तू उगा राय."

बाबांनी तो खिळा बाहेर काढला नाही. काढला असता तर बुंधा अख्खा राहिला असता. पण त्यांनी हातानं खूण करून दोघा गड्यांना लांब करवत आणायला लावली, आणि खिळ्याच्या वीतभर वरून बुंधा आडवा कापवला. खिळा आत, लाकूड बाहेर, जसं होतं तसं. तो बुडखा त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवला. मग उरलेल्या लांबीच्या फळ्या पाडल्या. मुलगा मोजत होता आणि कुरकुरत होता. "आखूड झालं न जी! ठेंगणी होईन चौकट. आता का रांगत जाऊ घरात?"

"वाकून जाय," ती म्हणाली. "वाकल्यानं कोनी मेलं नाई."

गाडी निघाली तेव्हा ती आत बसली होती, बुडखा मांडीशी घेऊन.

संध्याकाळी घरी येताना, रस्त्यावर कुणी नाही असं पाहून, मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून ओरडून सगळं सांगितलं. शेठ किती वेळा ओरडला, ती काय म्हणाली, शेठ कसा मागं सरला. बाबा ऐकता ऐकता रस्त्यातच थांबले. मग हसायला लागले, हसता हसता खाली बसले. "असा रिवाज," ते म्हणाले, "मी पयल्यांदाच आयकला, बाई!" डोळ्यांतून पाणी आलं, आणि पापण्यांवरचा निंबाचा भुसा त्या पाण्यात भिजून गालांवर ओघळला. तो कडू असतो. बाबांनी जिभेनं टिपला आणि तोंड वाकडं केलं, आणि आम्ही पुन्हा हसलो.

त्यानंतर मल्लय्या शेठनं बाबांना मागून कधी हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की वळसा घालून समोर येऊन उभा राहायचा, आणि मग बोलायचा. त्याला त्या रिवाजाची भीती बसली होती, की त्या दिवशी त्याला सगळं समजलं होतं... मला आजवर ठरवता आलेलं नाही. बाबा मशीनवरच राहिले. मी सासरी जाईपर्यंत ढिगावर बसत आले, नंतर धाकटी बहीण बसली. पुढे जंगलातून लाकूड येणं आटत गेलं, इंजिन थंड पडलं, शेडचे पत्रे कुणी कुणी नेले. बाबा गेले तेव्हा मायनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि एकेक बोट हळूच सरळ करून पाहिलं. रडली ती नंतर.

आता मीच म्हातारी झाले, आणि बाबांचे कान माझ्याकडे आले. थोरल्या लेकानं कानात घालायची मशीन आणून दिली आहे. तिच्यातून जग पत्र्यावर वाजवल्यासारखं येतं, म्हणून ती बहुधा डबीतच असते. पाखरं गेली, पाऊस गेला, कुकरची शिट्टी गेली. पण डोळे मिटून बसले, तर आत कुठं तरी, खूप लांब, सागवानातून पातं चाललेलं असतं. ते काही थांबत नाही.

चार-पाच वर्षांमागं एका नात्यातल्या पोरीसाठी स्थळ पाहायला गेलो होतो, एका गावी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. काही गोष्टी बोलायच्या नसतात, आणि लिहिणं म्हणजे बोलणं की नाही, याचा मला अजून निवाडा करता आलेला नाही. भर उन्हात आम्ही पाणी प्यायला ज्यांच्या अंगणात थांबलो, त्या घराच्या दाराशी लाकडाचा एक जुना बुडखा होता, गुळगुळीत झालेला, त्यावर पाण्याचा माठ. माठाच्या खाली, लाकडाच्या अंगावर, एक निळी-काळी रेघ. दारात धिप्पाड म्हातारा उभा, केस पांढरे, छाती अजून रुंद. दुखण्याचं नावही कधी जवळून गेलं नसावं, असा. त्याचे ओठ हलले. काहीतरी म्हणाला तो. मला ऐकू आलं नाही, आणि मी हसून तशीच पुढे निघाले, आत, त्या अंधाऱ्या गारव्याकडे...

त्यानं चटकन हात वर केला. तळवा उघडा, बोटं जुळलेली, माझ्या कपाळासमोर.

मी थांबले. वर पाहिलं, तर तळव्याच्या पलीकडे वीतभर अंतरावर निंबाची चौकट होती, ठेंगणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी काळी झालेली. तो हसला, आपल्या डोक्याला हात लावून दाखवला, मलाही लागतं अशा अर्थानं. आणि मग पुढे होऊन, सवयीनं, कमरेतून वाकून आत गेला.

मी त्याला काही सांगितलं नाही. वाकले, आणि त्याच्या मागोमाग आत गेले.